पोकर (ऑनलाइन) : डावपेचांचा अभ्यास

पोकरमध्ये, विशेषतः संगणकावर वा मोबाइलवर खेळल्या जाणाऱ्या नो-लिमिट टेक्सस होल्डम प्रकारात (प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, टेबलावर टप्प्याटप्प्याने उघडणारे पाच सामाईक पत्ते, बोलीला मर्यादा नाही), अंदाजाऐवजी संभाव्यतेच्या हिशेबाने चाल करण्याची सवय लावून घेण्याची पद्धत. खेळाच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. तो इराणी ‘आस-नास’ या पत्त्यांच्या खेळापासून निघाला हे मत एके काळी रूढ होते, पण फ्रेंच ‘पोक’ व जर्मन ‘पोखन’ या खेळांशी त्याचे नाते अधिक जवळचे दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यू ऑर्लिन्सच्या परिसरात तो २० पत्त्यांवर खेळला जाई.

बडोद्यात सातम-आठम आणि दिवाळीला तीन पत्ती मांडली जाते. मराठी घरांतला नवशिका बहुधा तिथूनच पोकरकडे येतो आणि ‘चाल’, ‘पॅक’, ‘शो’ हे शब्द सोबत आणतो. शब्द चालतात, क्रम मात्र चुकतो. तीन पत्त्यांच्या २२,१०० हातांत साधी सिक्वेन्स (ओळीचे पत्ते) ७२० वेळा आणि कलर (एकाच रंगाचे, म्हणजे बदाम, किलवर अशा एकाच चिन्हाचे पत्ते) १,०९६ वेळा येतो, म्हणून तिथे सिक्वेन्स वरचढ. पाच पत्त्यांच्या २५,९८,९६० हातांत सिक्वेन्स (स्ट्रेट) १०,२०० वेळा, तर कलर (फ्लश) ५,१०८ वेळाच; म्हणून पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला मारतो. (दुर्मीळतेचा हा न्याय तीन पत्तीतही सरसकट नाही : ट्रेल (तीन सारखे पत्ते) ५२, प्युअर सिक्वेन्स (एकाच रंगाची सिक्वेन्स) ४८, तरी ट्रेल वर.)

अभ्यासाचा गाभा म्हणजे पॉट ऑड्स, म्हणजे भरायची रक्कम आणि पॉटमधून (मध्ये जमलेल्या चिप्समधून) मिळू शकणारी रक्कम यांचे प्रमाण. हातात बदाम नव्वी-अठ्ठी आहे. टेबलावर बदाम राजा, बदाम सत्ती आणि किलवर दुर्री. पॉट १०० चिप्सचा, समोरच्याने ५० लावले. ५० भरून १५० मिळवायचे आहेत, म्हणजे निदान २५ टक्के वेळा जिंकले पाहिजे. न दिसलेल्या ४७ पत्त्यांत बदाम ९. पुढच्याच पत्त्यावर कलर बसण्याची शक्यता १९ टक्के. शेवटच्या पत्त्यापर्यंत ती ३५ टक्के होते आणि नवशिका नेमका हाच आकडा धरतो. तो फक्त सगळ्या चिप्स आत गेल्या असतील तरच खरा. नाहीतर टर्नवर (चौथा सामाईक पत्ता उघडल्यावर) पुन्हा पैसे मागितले जातात. त्यामुळे ही चाल परवडण्यासाठी कलर बसल्यावर सरासरी आणखी सुमारे ६१ चिप्स निघाल्या पाहिजेत. समोरच्याकडे तेवढ्या शिल्लक नसतील तर पॅक करावे. उपयोगी (हात जिंकून देणाऱ्या) पत्त्यांच्या संख्येला दोन पत्ते यायचे असताना ४ ने व एक यायचा असताना २ ने गुणण्याचा ठोकताळा सोयीचा आहे, पण १५ पत्त्यांना तो ६० टक्के सांगतो, प्रत्यक्षात ५४.

दुसरी पायरी समोरच्याच्या हाताला एकच नाव न देण्याची. सुरुवातीचे दोन पत्त्यांचे हात १,३२६. कोणतीही जोडी ६ प्रकारे, एक्का-राजा १६ प्रकारे येतो. टेबलावर एक एक्का उघडला की एक्क्यांची जोडी ३ वर आणि एक्का-राजा १२ वर उतरतो. ही मोजणी कागदावर केल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. सॉल्व्हर नावाची, सर्वोत्तम चाल मोजून काढणारी सॉफ्टवेअर पुढचे काम करतात. त्यांची उत्तरे पाठ करण्यापेक्षा बेटचा (लावलेल्या रकमेचा) आकार बदलून उत्तर का बदलते ते पाहावे. अल्बर्टा विद्यापीठातील गटाने २०१५ मध्ये दोघांचा लिमिट होल्डम (बोलीला मर्यादा असलेला प्रकार) जवळपास पूर्ण सोडवला, म्हणजे त्यातली जवळजवळ अचूक चाल शोधली. नो-लिमिटबद्दल तसे म्हणता येत नाही.

कौशल्य की नशीब हा वाद न्यायालयांतही आहे. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकर हा जुगार ठरवला; कर्नाटक उच्च न्यायालयाचा कल वेगळा दिसतो. गणिताच्या दृष्टीने उत्तर खेळलेल्या हातांच्या (डावांच्या) संख्येवर अवलंबून आहे. दर १०० हातांना सरासरी ५ बिग ब्लाइंड (डावाच्या सुरुवातीची सक्तीची मोठी बोली, हेच इथे मोजमाप) जिंकणारा खेळाडू घेतला आणि दर १०० हातांमागे प्रमाण विचलन (निकालातला चढ-उतार) ९० बिग ब्लाइंड धरले, तर १०,००० हातांनंतरही तो सुमारे २९ टक्के वेळा तोट्यात असू शकतो. एका रात्रीच्या निकालावरून स्वतःला हुशार ठरवणे म्हणूनच फसवे.

२०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळवण्यावर बंदी आणली, त्यामुळे सराव फुकट चिप्सच्या टेबलांवर किंवा घरी पत्ते पिसूनच उरतो. फुकट टेबलांवर हरण्याची भीती नसल्याने समोरचा काहीही धरून बसतो आणि ब्लफ (कमकुवत हातावर मोठी बोली लावून दिलेली हूल) क्वचितच पचतो. तिथे ब्लफ शिकू नये, पॉट ऑड्स मोजण्याचा हात मात्र चांगला बसतो.