१०२२ वजा १३

खोलीत टेबलामागे तीन माणसं बसलेली आहेत. अंगावर पांढरे कोट, समोर कोरे कागद, बाजूला कॅमेरा. तुम्ही एका नोकरीसाठी अर्ज केलाय असं समजा, असं तुम्हाला सांगितलं जातं. तयारीला दहा मिनिटं. मग त्या जागेसाठी आपणच कसे योग्य, हे पाच मिनिटांत या तिघांना पटवायचं. दहा मिनिटांत तुम्ही कागदावर घाईघाईने चार मुद्दे उतरवता, आणि बोलायच्या आधी तो कागदच काढून घेतला जातो. तुम्ही सुरुवात करता. समोरचे चेहरे ढिम्म. मान हलत नाही, ओठ हलत नाहीत. दोन मिनिटांत तुमचं सांगून संपलं, तर कोरड्या आवाजात एवढंच ऐकू येतं, "अजून वेळ आहे, बोला." पाच मिनिटं कशीबशी सरतात, तोच नवं फर्मान निघतं: १०२२ मधून १३ वजा करत खाली या, मोठ्याने, जमेल तितक्या लवकर. एक आकडा चुकला की पुन्हा १०२२ पासून.

जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठात क्लेमेन्स किर्शबाउम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली हा प्रकार प्रसिद्ध केला. माणसाला इजा न करता, औषध न देता, हमखास ताण कसा आणायचा, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्यांना सापडलेलं उत्तर होतं मुलाखत. तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत ताणाचा अभ्यास करायचा म्हटलं की ही ट्रियर चाचणी पुढे येते. चाचणीनंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, दुपटीपासून चौपटीपर्यंत वाढलेलं आढळतं. यातली कुठलीच नोकरी खरी नाही, हे भाग घेणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. तरीही.

त्यामुळे मुलाखतीत हात थंडगार पडले म्हणून स्वतःला भित्रा म्हणवून घेण्याचं कारण नाही. सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी २००४ मध्ये अशा २०८ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. नुसतं अवघड काम दिल्याने कॉर्टिसॉल फारसं उसळत नाही. कुणीतरी आपली पारख करतंय आणि निकाल आपल्या हातात नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की ते सर्वांत जास्त उसळतं. मुलाखतीची याहून नेमकी व्याख्या मला तरी सुचत नाही.

आता खरा घोटाळा. आदल्या रात्री तोंडपाठ असलेलं ऐन वेळी का आठवत नाही? शरीराचा ताण दोन टप्प्यांत येतो. काही सेकंदांत ॲड्रेनलिन: छातीत धडधड, तळहाताला घाम. कॉर्टिसॉल मागून, सावकाश येतं. ताण सुरू झाल्यापासून वीस-तीस मिनिटांनी त्याचा जोर असतो. आठवणी साठवणाऱ्या आणि काढून देणाऱ्या हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या भागात कॉर्टिसॉलला पकडणारे ग्राहक रेणू दाटीने असतात. झुरिकमधल्या संशोधकांनी २००० साली निरोगी माणसांना काही शब्द पाठ करायला लावले आणि दुसऱ्या दिवशी ते विचारले. विचारण्याच्या तासभर आधी ज्यांना कॉर्टिसोनची, म्हणजे शरीरात गेल्यावर कॉर्टिसॉल होणाऱ्या औषधाची, गोळी दिली होती, त्यांना कमी शब्द आठवले. तीच गोळी पाठांतराच्या वेळी दिली, तर मात्र फरक पडला नाही. म्हणजे माल गोदामात शाबूत असतो, अडतो तो दारात. मुलाखत संपवून जिना उतरताना उत्तर लख्ख आठवतं, त्याचं कोडं इथे बरंचसं सुटतं.

मग हे दार रुळवायचं कसं? बहुतेक जण तयारी म्हणजे वाचन समजतात. कंपनीची माहिती वाचायची, स्वतःचा बायोडेटा वाचायचा, 'नेहमी विचारले जाणारे प्रश्न' उत्तरांसकट वाचायचे, पुन्हा वाचायचे. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटलं की आलं असं वाटतं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये ही फसगत आकड्यांत पकडली. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार वेळा अभ्यासला. दुसऱ्या गटाने एकदाच अभ्यासला आणि तीन वेळा, उतारा न बघता, आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने चित्र उलटं झालं. वाचणाऱ्यांपाशी ४० टक्के उरलं होतं, आठवून काढणाऱ्यांपाशी ६१.

ताणाखाली हा फरक टिकतो का, हे अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात २०१६ मध्ये तपासलं गेलं. एकशेवीस जणांना शब्द आणि चित्रं लक्षात ठेवायला दिली. निम्म्यांनी ती पुन्हा पुन्हा पाहिली, निम्म्यांनी आठवून काढायचा सराव केला. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या काहींना अचानक लोकांसमोर भाषण आणि गणित, म्हणजे आपल्या ट्रियरच्या खोलीचीच भावंडं, यांतून जावं लागलं. कॉर्टिसॉल चढायला वेळ लागतो म्हणून सुमारे पंचवीस मिनिटांनी स्मरण तपासलं. पुन्हा पुन्हा पाहणाऱ्यांची आठवण ताणाने घसरली. आठवून काढणाऱ्यांची जवळपास जागची हलली नाही. तोवर ताण आला की स्मरण ढासळणारच, असा सर्वसाधारण समज होता.

माझ्या मते मुलाखतीच्या तयारीबद्दल विज्ञानाकडे सांगण्यासारखं सर्वांत मोलाचं हेच आहे, आणि पोशाखाच्या व हस्तांदोलनाच्या सल्ल्यांत नेमकं तेच हरवतं. उत्तर लिहून पाठ करू नका. कागद उपडा घाला आणि मोठ्याने सांगा. अडखळलात तर लगेच कागद उलटायचा मोह आवरा. त्या अडखळण्यातच सराव आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगा, वेगळ्या शब्दांत. ठरावीक शब्दांची माळ ओवली की एक मणी निसटताच सगळी माळ ओघळते, आणि मुलाखत घेणारे प्रश्न कधीच तुमच्या वहीतल्या शब्दांत विचारत नाहीत.

सांगायचं काय, तेही ठरवायला हवं. थॉमस एडिसन १९२१ च्या सुमारास नोकरी मागायला आलेल्या पदवीधरांना दीडशेच्या आसपास सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारायचा. त्या यादीची इतकी चर्चा झाली की ध्वनीच्या वेगाचा प्रश्न आइन्स्टाइनपर्यंत पोहोचला, आणि पुस्तकात मिळणाऱ्या गोष्टी मी डोक्यात बाळगत नाही, अशा अर्थाचं उत्तर त्याने दिलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी वैमानिकांकडून प्रत्यक्ष घडलेले निर्णायक प्रसंग गोळा केले. चांगला वैमानिक कसा असतो, यापेक्षा त्या क्षणी त्याने काय केलं, यावर त्यांचा भर होता. त्यांनी १९५४ मध्ये मांडलेली ही पद्धत ऐंशीच्या दशकात मुलाखतींमध्ये उतरली. "सहकाऱ्याशी मतभेद झाला असा एखादा प्रसंग सांगा" हा प्रश्न त्याच घराण्यातला.

तो निव्वळ फॅशन म्हणून टिकलेला नाही. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न, तीच गुणांची मोजपट्टी, अशी बांधीव मुलाखत आणि मनाला येईल तशा गप्पा यांची तुलना पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये केली. मुलाखतीतले गुण आणि पुढची कामगिरी यांचा सहसंबंध (० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे तंतोतंत मेळ) बांधीव मुलाखतीत सुमारे ०.४२ निघाला, मोकळ्या गप्पांत ०.१९. पहिला आकडा निवडीच्या बाकी सगळ्या साधनांच्या वरचा होता. पण ०.४२ म्हणजे काही भविष्यवाणी नव्हे. चांगली माणसं नाकारली जातात, आणि नकारात नशिबाचा वाटा बराच असतो.

तेव्हा स्वतःच्या कामातले सहा-सात प्रसंग निवडा: काय अडलं, तुम्ही नेमकं काय केलं, पुढे काय झालं. एक तरी फसलेला असू द्या. एकच प्रसंग तीन वेगळ्या प्रश्नांना लागू पडतो, हे सांगून पाहिल्याशिवाय कळत नाही.

देहबोलीबद्दल थोडक्यात. संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, हा आकडा अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या प्रयोगांतून आला. त्यांत सुटे शब्द, आवाजाचा सूर आणि चेहऱ्यांचे फोटो यांवरून आवड-नावड ओळखायची होती. मुलाखतीशी त्याचा संबंध नाही. दोन मिनिटं छाती काढून उभं राहिलं की संप्रेरकं बदलतात, हा २०१० मधला दावा ४२ जणांवर बेतलेला होता. २०१५ मध्ये २०० जणांवर तपासला तेव्हा तो खरा उतरला नाही.

घाबरलेपण दिसेल ही भीती मात्र खरी असते, आणि तिचं मोजमाप झालंय. केनेथ साविट्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ मध्ये दाखवलं की बोलणाऱ्याला आपला थरकाप जितका उघड वाटतो, तितका तो ऐकणाऱ्यांना दिसत नाही. ही गोष्ट ज्यांना आधीच सांगितली होती, त्यांची भाषणं अधिक चांगली झाली. नुसती माहिती, आणि ती उपयोगी पडली! असं क्वचितच होतं. ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा "मला उत्साह वाटतोय" म्हणणाऱ्यांनी भाषण जास्त चांगलं केलं. धडधडतं हृदय उत्साहातही तसंच धडधडतं, त्यामुळे ते नाव त्याला पटकन चिकटतं.

राहिला रंगीत तालमीचा प्रश्न. एखाद्या मित्राला समोर बसवा आणि अट घाला: मान हलवायची नाही, हसायचं नाही. पहिल्यांदा फार विचित्र वाटेल. किर्शबाउम यांनीच १९९५ मध्ये वीस निरोगी पुरुषांना ट्रियरच्या खोलीत पाच वेगवेगळ्या दिवशी बसवलं होतं. तेरा जणांचं कॉर्टिसॉल दुसऱ्याच दिवशी झपाट्याने उतरलं. उरलेल्या सात जणांचं पाचव्या दिवशीही चढतच राहिलं.