कार्यकारी तापमान, डीझेल पिकअप एंजिनाचे

डीझेल एंजिन पुरेसे तापल्यावर त्याच्या शीतकाचे, म्हणजे कूलंटचे, तापमान ज्या पल्ल्यात टिकून राहते, त्याला कार्यकारी तापमान म्हणतात. हलक्या मालवाहू पिकअप वाहनांत हा पल्ला साधारणतः ८०° ते ९५° से. असतो. पूर्ण भाराने चढ चढताना तापमान काही काळ १००° ते १०५° से. पर्यंत गेले, तरी तो बहुतेक एंजिनांत बिघाड मानला जात नाही. वंगण तेल सामान्यतः शीतकापेक्षा १०°–१५° अधिक तापते.

डीझेल एंजिनाला मुळात थंड करावे लागेल, हेच रूडोल्फ डीझेल यांना सुरुवातीला मान्य नव्हते. फेब्रुवारी १८९३ मध्ये जर्मन पेटंट मिळालेल्या त्यांच्या कल्पनेत सिलिंडरभोवती पाणी खेळवण्याची गरज धरलेली नव्हती आणि आउग्सबुर्ग येथील त्याच वर्षीच्या पहिल्या प्रायोगिक एंजिनाला पाण्याचे आवरण नव्हते. पुढील चाचण्यांत ते द्यावे लागले. १८९७ मध्ये यशस्वी ठरलेले एंजिन जलशीतितच होते.

तापमान ठरावीक पल्ल्यात राखणाऱ्या थर्मोस्टॅटचे मूळ कोणते, याविषयी एकमत नाही. काही जण ते सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील कॉर्नेलिस ड्रेबेल यांच्या अंडी उबवण्याच्या भट्टीपर्यंत मागे नेतात, तर काही १८३० मध्ये अँड्र्यू यूर यांनी पेटंट घेतलेल्या द्विधातू पट्टीपासून आरंभ मानतात. मोटारींच्या संदर्भात १९१४ च्या सुमाराची कॅडिलॅक मोटार पुष्कळदा पहिली म्हणून सांगितली जाते. त्या पिढीतील थर्मोस्टॅटमध्ये बाष्पनशील द्रवाने भरलेला भाता असे. तो तापमानाबरोबर प्रणालीतील दाबालाही प्रतिसाद देई. त्यामुळे दाबयुक्त शीतन रूढ होताच तो गैरसोयीचा ठरला. १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्नेट यांनी आणलेल्या मेणाच्या गोळीवर दाबाचा परिणाम नगण्य असतो. आजच्या पिकअपपुरते बोलायचे, तर इतिहास इथून मोजणे अधिक सयुक्तिक वाटते.

मेण सुमारे ८२° से. ला वितळू लागले की थर्मोस्टॅटची झडप उघडू लागते आणि ९५° से. च्या आसपास ती पूर्ण उघडते. त्याआधी शीतक रेडिएटरला, म्हणजे वाऱ्याने ते थंड करणाऱ्या जाळीला, वळसा घालून बायपास मार्गाने एंजिनातच फिरते. रेडिएटरच्या झाकणातील स्प्रिंग प्रणालीत सुमारे १ बार जादा दाब राखते. या दाबाखाली साधे पाणीदेखील १२०° से. ला उकळते. ग्लायकॉलमिश्रित शीतकाचा उत्कलनबिंदू त्याहून वर असतो. म्हणून झाकणाचे रबर कुजले, तर बाकी सर्व ठीक असूनही गाडी ‘उकळते’.

ठाणे व नवी मुंबई परिसर समुद्रसपाटीलगत आहे आणि हिवाळाही सौम्य असतो. त्यामुळे थंड एंजिन तापवण्याचा प्रश्न येथे फारसा येत नाही. माजिवडा किंवा शिळफाट्याच्या कोंडीत गाडी तापते, हा समज मात्र तपासून घ्यावा लागतो. डीझेल एंजिन निष्क्रिय गतीला, म्हणजे उभ्या गाडीत नुसते सुरू असताना, अत्यल्प इंधन जाळते, त्यामुळे शीतकात जाणारी उष्णताही थोडी असते. कोंडीत काटा चढत असेल, तर दोष बहुधा पंख्याला गरजेनुसार गती देणाऱ्या व्हिस्कस कपलिंगमध्ये, चिखलाने बुजलेल्या रेडिएटरमध्ये किंवा गॅरेजच्या भाषेतल्या ‘वॉटर बॉडी’त, म्हणजे पाण्याच्या पंपात, असतो. खरी कसोटी मुंब्रा बायपास आणि त्याहून अधिक कसारा घाट येथे लागते. तिथे भार पूर्ण, वेग कमी आणि समोरून येणारा वारा अपुरा असतो. वाशीच्या कृषी उत्पन्न बाजारातून दुकानांकडे भाजी नेणाऱ्या गाड्यांच्या फेऱ्या त्या मानाने आखूड असतात.

खाडीकडचे खारे किंवा बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये ओतल्याने नळ्यांत क्षार साचतात आणि धातू गंजतो. जुन्या तांबे-पितळी रेडिएटरची गळती डाग (सोल्डर) देऊन बुजवता येत असे. अ‍ॅल्युमिनियमचा गाभा आणि प्लॅस्टिकच्या टाक्या असलेल्या आजच्या रेडिएटरला ती सोय नाही.

‘आपल्याकडे थर्मोस्टॅट लागतच नाही’ म्हणून तो काढून टाकण्याची रीत अनेक गॅरेजांत आढळते. ज्या एंजिनात थर्मोस्टॅटची खालची चकती बायपास बंद करते, तेथे तो काढल्यास गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरला टाळून कायम फिरत राहतो आणि चढावर तापमान उलट वाढू शकते. एरवी, विशेषतः हलक्या भारात, एंजिन थंडच चालते.

थंड सिलिंडरची झीज अधिक होते, हे १९३० च्या दशकातील ब्रिटिश चाचण्यांपासून मान्य आहे. कारणांबाबत मात्र भर बदलत गेला. इंधनातील गंधकापासून सिलिंडरच्या थंड भिंतीवर साचणारे आम्ल हे जुने स्पष्टीकरण आहे. १ एप्रिल २०२० पासून भारतात डीझेलमधील गंधकाची मर्यादा दशलक्षात १० भाग इतकी उतरल्याने या स्पष्टीकरणाचे महत्त्व घटले आहे. भारत स्टेज ६ या उत्सर्जन मानकाच्या वाहनांत एंजिन तापलेले ठेवण्याचे दुसरेच कारण पुढे येते: धूर-गाळणीतील काजळी जाळण्यासाठी निष्कास वायू, म्हणजे एंजिनातून बाहेर पडणारा धूर, सुमारे ५५०°–६५०° से. पर्यंत न्यावा लागतो आणि एंजिन पुरेसे तापल्याची खात्री झाल्याशिवाय नियंत्रक सहसा ही क्रिया सुरू करत नाही. आखूड फेऱ्यांच्या गाडीत गाळणी तुंबण्याची तक्रार यामुळे येते.

डॅशबोर्डवरील काटा हे मोजमाप नव्हे. अनेक वाहनांत ८०° ते १०५° से. या साऱ्या पल्ल्यात तो मध्यावरच स्थिर राहील अशी योजना केलेली असते. नेमके तापमान निदानयंत्र जोडून पाहता येते. शीतक गळून संवेदक कोरडा पडला असेल, तर काटा खाली दिसत असतानाही हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडर व त्यावरील हेड यांमधील सील, उडू शकते.