वेल्डिंगचा धूर उशिरा बोलतो

फॅब्रिकेशनच्या दुकानात नव्याने लागलेला पोरगा वेल्डिंग करताना डोळ्यांपुढे काळी काच धरायला शिकतो ते बहुधा एका रात्रीच्या अनुभवाने. दिवसा ‘दोनच टाके तर मारायचेत’ म्हणून उघड्या डोळ्यांनी रॉडचा होल्डर चालवलेला असतो. घरी जाईपर्यंत काहीच होत नाही. मध्यरात्री मात्र डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग सुरू होते, पाणी खळत नाही, दिव्याकडे बघवत नाही.

आर्कचं, म्हणजे रॉड आणि लोखंड यांच्यामध्ये पेटणाऱ्या विजेच्या ज्योतीचं तापमान ६,००० अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या तोडीचं. सूर्याच्या अतिनील किरणांतला सर्वांत घातक पट्टा वातावरणातला ओझोन अडवतो; आर्क आणि डोळा यांच्यामध्ये फक्त हातभर हवा असते. हे किरण बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, कॉर्नियाच्या, वरच्या पेशी मारतात. मेलेल्या पेशी गळायला सहा ते बारा तास लागतात. त्या गळाल्या की खालच्या मज्जातंतूंची टोकं उघडी पडतात, म्हणून दुखणं रात्री येतं. नव्या पेशी भराभर येतात आणि दिवस-दोन दिवसांत बहुतेकांना आराम पडतो. मिटल्या पापणीवर बटाट्याची चकती ठेवल्याने गार वाटतं, तेवढं ठीक. पण सोललेल्या कॉर्नियावर दूध किंवा गुलाबपाणी टाकणं म्हणजे जंतूंना निमंत्रण. भूल देणारे थेंब तर त्याहून वाईट: ते पुन्हा पुन्हा घातले तर जखम भरत नाही आणि डोळा कायमचा अधू होऊ शकतो.

डोळ्यांचा व्यवहार असा रोखीचा असतो. धुराचं खातं उधारीवर चालतं, आणि म्हणूनच काच धरणारा माणूस धुराकडे सहसा लक्ष देत नाही.

हा धूर ९० टक्क्यांहून अधिक येतो तो रॉडमधून, जोडायच्या लोखंडातून नव्हे. रॉडचं टोक आणि त्यावरचं फ्लक्सचं आवरण उकळून वाफ होते आणि हवेत निवून तिचे ऑक्साइडचे कण बनतात. बहुतेक कण एक मायक्रॉनहूनही लहान असतात. तोंडाला बांधलेल्या रुमालातून ते सहज पार होतात आणि फुप्फुसाच्या शेवटच्या वायुकोशापर्यंत पोचतात.

उधारीतला सर्वांत लवकर फिटणारा हप्ता जीआय पाइपचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपचा. जस्त ९०७ अंशांना उकळतं, पोलाद वितळायला साधारण १,५०० अंश लागतात. त्यामुळे टाका बसायच्या आधीच जस्ताचा पांढरा धूर उठतो. काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येतं, तोंडाला धातूची चव येते, आणि एक-दोन दिवसांत सगळं ओसरतं. मलेरियाचा संशय येण्यासारखीच ही लक्षणं आहेत, म्हणून डॉक्टरला आपलं काम सांगायला हवं. शिवाय रोज जस्त हुंगणाऱ्याचं शरीर त्याला सरावतं आणि सुट्टीच्या एक-दोन दिवसांत तो सराव सुटतो, त्यामुळे ताप सोमवारी हटकून येतो. कॅडमियमचा मुलामा असलेल्या नट-बोल्टांचा धूरही सुरुवातीला असाच वागतो. पुढे मात्र फुप्फुसात पाणी भरून जीव जाऊ शकतो. पिवळसर चकाकीचा जुना मुलामा दिसला तर तो कशाचा आहे हे कळेपर्यंत त्याला आर्क लावू नये.

मोठी उधारी कर्करोगाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये वेल्डिंगच्या धुराला ‘कदाचित कर्करोगकारक’ म्हटलं होतं. २०१७ मध्ये तिने त्याला थेट पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग करतो हे सिद्ध झालेल्या गटात. तोवर समज होता की धोका स्टेनलेसचा, कारण त्याच्या धुरात षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमचं घातक रूप) आणि निकेल असतं. साधं एमएस, म्हणजे माइल्ड स्टील, वेल्ड करणाऱ्यांतही फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला दिसल्यावर तो समज टिकला नाही. २०१९ मध्ये ब्रिटनच्या कामगार-सुरक्षा यंत्रणेने कारखान्यांना बजावलं की एमएससाठीसुद्धा नुसती मोकळी हवा पुरेशी नाही. त्याच देशात वेल्डरांना न्यूमोकॉकल लस देण्याची शिफारस आहे, कारण धातूच्या धुराने न्यूमोनियाचा धोका वाढतो.

रॉडमध्ये मँगनीजही असतं. आपल्या भंडारा-नागपूरच्या खाणींतून निघतं तेच. १८३७ मध्ये स्कॉटलंडच्या जॉन कूपर यांनी मँगनीजचं खनिज दळणाऱ्या मजुरांची चाल बिघडल्याची नोंद केली होती. वेल्डरांमध्ये कंप आणि मंद हालचाली कितपत मँगनीजमुळे, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. पण बंद टाकीत काम करणाऱ्यांनी ही शक्यता हसण्यावारी नेऊ नये.

मग कामानंतर गूळ खाल्ला की छातीतला धूर निघून जातो, या समजुतीचं काय? लखनौच्या विषविज्ञान केंद्राने १९९४ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगात गुळामुळे फुप्फुसातले धूलिकण बाहेर पडायला मदत झाल्याचं दिसलं. प्रयोग कोळशाच्या आणि सिलिकाच्या धुळीचा होता, वेल्डिंगच्या धुराचा नव्हे. गूळ खावा, पण तो मास्कच्या जागी नाही.

खरा फरक पडतो तो डोकं कुठे आहे याने. गरम धूर सरळ वर चढतो, आणि आपल्याकडे काम जमिनीवर ठेवून उकिडवं बसायची रीत असल्याने चेहरा नेमका त्या धुराच्या खांबात येतो. काम टेबलावर घ्यावं आणि पंखा बाजूने लावावा. पाठीमागून लावलेल्या पंख्याने शरीरापुढे भोवरा होतो आणि धूर उलट तोंडाकडे ओढला जातो. सीओटू वेल्डिंगला, म्हणजे टाक्यावर कार्बन डायऑक्साइडचं आवरण सोडून केलेल्या वेल्डिंगला, जोराचा वारा चालत नाही; हा संरक्षक वायू उडून टाका सच्छिद्र होतो. तिथे धूर ओढणारी नळी टाक्यापासून वीतभर अंतरावर हवी, आणि टाका पुढे सरकेल तशी तीही सरकवावी लागते.