जनगणनेच्या तक्त्यात उरलेले सगळे ‘ओपन’ नसतात

गावाच्या लोकसंख्येचा तक्ता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आणि खाली कुणीतरी हिशेब मांडतो: गाव हजाराचं, अनुसूचित जाती 180, जमाती 120, म्हणजे बाकी 700 ओपन. नागपूर जिल्ह्यात हा हिशेब मी वर्षानुवर्षं ऐकतोय. तो साफ चूक आहे.

2011 च्या जनगणनेत अनुसूचित जाती आणि जमाती एवढ्याच वेगळ्या मोजल्या. बाकी जातींची पूर्ण आकडेवारी शेवटची प्रसिद्ध झाली ती 1931 ची. त्यामुळे त्या 700 मध्ये कुणबी आणि तेली आले, ते ओबीसी. तलावावर जाळं टाकणारा ढिवर आला, तो भटक्या जमातीत, म्हणजे अनुसूचित जमातीहून वेगळ्या यादीत. गुरं राखणारा गोवारी आला, तो विशेष मागास प्रवर्गात. जमातीच्या दाखल्यासाठी 1994 साली याच नागपुरात मोर्च्यात शंभरावर गोवारी चेंगरून मेले, आणि त्यांना आपण सहज ‘ओपन’ म्हणून मोकळे होतो! मनाला लागतं हे.

दुसरा गैरसमजही याच तक्त्यातून निघतो: 1956 ला दीक्षाभूमीवर धर्मांतर झालं, म्हणून बौद्ध मंडळी अनुसूचित जातीत धरत नाहीत. धरतात. अनुसूचित जातींच्या नियमात 1990 ला झालेल्या दुरुस्तीनंतर जातीचं नाव सांगणारे बौद्ध त्या 180 मध्येच असतात. मात्र प्रगणकासमोर कुणी धर्म ‘बौद्ध’ सांगितला आणि यादीतली जात सांगितलीच नाही, तर तो माणूस त्या आकड्याबाहेर राहतो.