ट्रॅक-डे मोटारीची वजनकपात

रस्त्यावरची मोटार सर्किटवर पळवण्याजोगी करताना तिच्यातले अनावश्यक भाग काढणे किंवा जड भागांच्या जागी हलके बसवणे म्हणजे वजनकपात. ट्रॅक-डे ही शर्यत नव्हे. मालक आपलीच गाडी ठरावीक वेळ बंद सर्किटवर चालवतो. निकाल लागत नाही, बक्षीस नसते. शर्यतीच्या गाडीची होते तशी काटेकोर तपासणीही बहुधा होत नाही. त्यामुळे काय काढले आणि काय ठेवले, याची जबाबदारी गाडी बांधणाऱ्यावरच पडते.

इंजिनाची ताकद वाढवली तर तिचा उपयोग मुख्यतः सरळ पट्ट्यात होतो. घटलेले वजन मात्र वेग घेताना, वळताना आणि ब्रेक दाबताना, तिन्ही वेळा कामाला येते. ताशी १४० किमी. वेगाने जाणाऱ्या १,२०० किग्रॅ. वजनाच्या गाडीत सुमारे ९०७ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. गाडी १,०५० किग्रॅ.ची केली की ती ७९४ वर येते. मधले ११३ किलोज्यूल ब्रेकना उष्णता म्हणून पचवावेच लागत नाहीत. कारखान्यातूनच अशी हलकी केलेली गाडी म्हणजे १९७३ सालची पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७. तिची टूरिंग आवृत्ती १,०७५ किग्रॅ.ची, तर हलकी आवृत्ती ९६० किग्रॅ.ची होती. इंजिन दोन्हींत तेच. हलकीत मागची सीटे नव्हती आणि दार उघडायला साधी वादी होती.

सुरुवात सुट्या सामानापासून होते: स्टेपनी, जॅक-पाने, मागचे सीट, गालिचे, स्पीकर. त्यानंतर येतात ते तळाच्या पत्र्याला चिकटवलेले, आवाज दाबणारे डांबरी पॅड. हे खरवडत बसण्यापेक्षा त्यांवर शुष्क बर्फाचे तुकडे पसरतात. उणे ७८ अंशांच्या त्या थंडीने डांबर काचेसारखे ठिसूळ होते, हातोडीने हलके ठोकले की खपल्या निघतात आणि खालचा रंगही शाबूत राहतो. पण हा बर्फ म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड. दारे-काचा बंद ठेवून आत वाकून काम करणाऱ्याचा जीव गुदमरू शकतो, आणि उघड्या हाताने तो उचलला तर कातडी करपते. लेड-ॲसिड बॅटरी काढून लिथियम आयर्न फॉस्फेटची बसवली तर दहाएक किलो सहज वाचतात. चाके हलकी केल्याचा फायदा तर दुहेरी असतो, कारण ते वजन स्प्रिंगच्या खालचे असते आणि फिरतेही.

खरा धोका अर्धवट बांधलेल्या गाडीत असतो. मूळ गाडीत पट्टा, सीट, एअरबॅग आणि दाबाने चुरगळणारा पुढचा भाग एकमेकांच्या हिशेबाने बनवलेले असतात. त्यांतला एक काढला की बाकीच्यांचेही गणित चुकते. एअरबॅग काढल्यावर तिचे काम बकेट सीट (अंगाला कवेत घेणारी खोलगट सीट), हार्नेस (खांदे आणि कंबर जखडणारे अनेक पट्टे), हेल्मेट आणि मानेला आधार देणारे उपकरण यांनी मिळून करायचे असते. एअरबॅग स्फोटक भुकटीवर फुलते, म्हणून आधी बॅटरी सोडवून काही मिनिटे थांबावे लागते. हार्नेस शरीराला ताठ बांधून ठेवतो. गाडी उलटून टप दबला तर चालकाला बाजूला कलता येत नाही, म्हणून हार्नेसच्या जोडीला रोल केज, म्हणजे केबिनमधला पोलादी नळ्यांचा पिंजरा, हवाच. उलट, हेल्मेट न घालता केजवाली गाडी चालवली तर तोच पोलादी नळ डोके फोडतो. खांद्याचे पट्टे सीटमागे थेट तळाला बांधण्याची चूक बरेच जण करतात. धडकेत ते पाठीचा कणा खाली दाबतात. केजमुळे तीस-चाळीस किलो वाढतात ते वाढू द्यावेत. तेवढ्यासाठी कुरकुर करणाऱ्याने मुळात सीटेच काढू नयेत.

दारातली आडवी पोलादी पट्टी, बंपरमागचा दांडा, पुढची लॅमिनेटेड काच यांना हात लावत नाहीत. सस्पेन्शनच्या दांड्यांना भोके पाडून ग्रॅम वाचवणे हा तर निव्वळ आचरटपणा. बाजूच्या काचांच्या जागी पॉलिकार्बोनेट चालते. ॲक्रिलिक चालत नाही, त्याचे धारदार तुकडे होतात. मागचे सीट काढल्यावर डिकी आणि केबिन यांच्यामध्ये जे भगदाड पडते ते धातूच्या पत्र्याने बंद करतात, नाहीतर इंधनाच्या टाकीकडची आग सरळ आत येते. हलक्या धातूचा हव्यास किती महागात पडतो हे १९६८ च्या फ्रेंच ग्रांप्रीत दिसले. होंडाच्या आरए३०२ या शर्यतीच्या गाडीच्या बांधणीत मॅग्नेशियम हा हलका, पण पेटला की भडकून जळणारा धातू वापरला होता. होंडाचे चालक जॉन सर्टीज यांनी ती चालवायला नकार दिला. जो श्लेसर यांनी चालवली. रुआँच्या सर्किटवर ती आदळून पेटली आणि ते दगावले.

वजन मुख्यतः मागून निघते, म्हणून कपातीनंतर मागची चाके ब्रेकखाली लवकर जॅम होऊ लागतात आणि गाडी गर्रकन फिरते. ब्रेकचा पुढचा-मागचा वाटा नव्याने बसवावा लागतो. हलकी झालेली गाडी स्प्रिंगांवर वर उचलली जाते, त्यामुळे उंची आणि अलाइनमेंटही पुन्हा पाहतात. चार चाकांखाली चार काटे ठेवून, हेल्मेटसकट चालकाला आत बसवून वजन घेतात. डावे-पुढचे अधिक उजवे-मागचे, अशी तिरकी बेरीज एकूण वजनाच्या निम्म्याजवळ आणतात.

भारतात मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलांशी विसंगत ठरणारे बदल रस्त्यावरच्या गाडीत करता येत नाहीत. पुरती सोललेली गाडी ट्रकवर चढवूनच न्यावी. पुण्याहून कोइम्बतूरचे करी मोटर स्पीडवे हजार किलोमीटरहून दूर. तिथवर स्वतः चालवत जाणाऱ्याने बोल्ट सोडून निघेल आणि पुन्हा बसेल तेवढेच काढावे. स्टेपनी पिटमध्ये (सर्किटलगतच्या गाड्या थांबवण्याच्या जागेत) पोचल्यावर उतरवावी आणि घरी निघताना आठवणीने परत चढवावी.