पार्श्वभूमी: ॲप्टामर आणि कर्करोगाच्या औषधांचा वाटाड्या

केमोथेरपीचे औषध गाठीवर तुटून पडते तसेच अस्थिमज्जेवर, आतड्यांच्या अस्तरावर आणि केसांच्या मुळांवरही. ते गाठीपुरतेच ठेवायचे, तर कर्कपेशी ओळखणारा वाटाड्या हवा. हे काम आधी अँटिबॉडींकडे, म्हणजे ठरावीक लक्ष्याला चिकटणाऱ्या प्रथिनांकडे गेले. १९९० मध्ये त्यांना स्पर्धक मिळाला. कोलोरॅडो विद्यापीठात क्रेग टर्क व लॅरी गोल्ड यांनी आणि बोस्टनमध्ये अँड्र्यू एलिंग्टन व जॅक शोस्टाक यांनी स्वतंत्रपणे एकच युक्ती मांडली. आरएनएच्या अगणित वेगवेगळ्या साखळ्या घ्यायच्या, लक्ष्याला चिकटतील तेवढ्याच ठेवायच्या, त्यांच्या प्रती वाढवून पुन्हा निवड करायची. अशा फेऱ्यांतून शेवटी हाती लागतो तो ॲप्टामर. अँटिबॉडीच्या तुलनेत तो अगदी लहान, आणि यंत्रावर रसायनांपासून जोडता येतो.

कर्करोगात लक्ष वेधले ते प्रोस्टेटच्या कर्करोगावरच्या कामाने. या कर्कपेशींवर पीएसएमए नावाचे प्रथिन भरपूर असते आणि त्याला चिकटलेली वस्तू पेशी आत ओढून घेते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये २००२ साली त्याला धरणारे ॲप्टामर मिळाले. २००६ मध्ये ओमिद फरोखझाद आणि रॉबर्ट लँगर यांच्या गटाने डोसिटॅक्सेल हे केमोथेरपीचे औषध भरलेल्या नॅनोकणांवर (अतिसूक्ष्म कणांवर) असा ॲप्टामर बसवला. सातपैकी पाच उंदरांच्या गाठी पूर्ण विरल्या. गाजावाजा झाला, पण इंजेक्शन थेट गाठीत दिले होते. रक्तातून वाट काढत गाठ शोधायची खरी परीक्षा त्यात झालीच नव्हती.

अडचण तिथेच होती. रक्तातली एन्झाइमे आरएनएसारख्या न्यूक्लिक आम्लांचे तुकडे पाडतात आणि इतका लहान रेणू मूत्रपिंडे झटकन गाळून टाकतात. साखळीत फ्लोरिन घालणे, पीईजी या पॉलिमरचे लांब शेपूट जोडणे हे उपाय निघाले. तरी २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले पहिले ॲप्टामर औषध, डोळ्याच्या विकारावरचे मॅकुजेन, डोळ्यातच टोचायचे होते. पेशींतल्या न्यूक्लिओलिन या प्रथिनाला चिकटणारा एएस१४११ हा ॲप्टामर स्वतःच औषध म्हणून मूत्रपिंडाच्या कर्करोगात तपासला गेला. ३५ रुग्णांपैकी एकाचीच गाठ आक्रसली.

फरोखझाद-लँगर यांच्या बाइंड कंपनीने माणसांवरच्या चाचण्यांत नॅनोकण तसेच ठेवले, ॲप्टामर मात्र वगळून पीएसएमएला धरणारा छोटा रासायनिक रेणू लावला. कंपनी २०१६ मध्ये दिवाळखोरीत गेली. पीएसएमएवर नेम धरणारे किरणोत्सारी ल्युटेशियमचे औषध २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. त्यातला वाटाड्याही तसाच छोटा रेणू आहे.