शेवटच्या एसटीआधी रिपोर्ट: रुग्णालयांतल्या ‘लीन’ची पार्श्वभूमी

सरकारी रुग्णालयांसाठीच्या राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानकांत, म्हणजे एनक्यूएएसमध्ये, जी-5 क्रमांकाचं एक मानक आहे. रुग्णालयाने आपली मुख्य कामं टप्प्याटप्प्याने कागदावर मांडावीत, आणि रुग्णाच्या उपयोगाचे नसलेले टप्पे व नासाडी कमी करावी, असं ते सांगतं. कामातली नासाडी शोधून काढून टाकण्याच्या या पद्धतीला ‘लीन’ म्हणतात. अलिबागपासून ओरोसपर्यंतच्या सरकारी रुग्णालयांना लागू असलेल्या या नियमामागे जवळपास शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो ठाऊक नसेल तर जी-5 म्हणजे तपासणी पथकाला दाखवायचा आणखी एक तक्ता होऊन बसतो.

सुरुवात कापडाच्या मागापासून होते. जपानमध्ये 1924 साली साकिची तोयोदा यांचा एक स्वयंचलित माग तयार झाला. धागा तुटला की तो आपोआप थांबायचा, त्यामुळे सदोष कापड पुढे विणलंच जात नसे. त्याच घराण्याने 1937 मध्ये टोयोटा ही मोटार कंपनी काढली. युद्धानंतर ती इतकी अडचणीत आली की 1950 मध्ये कामगारकपात आणि मोठा संप झाला, संस्थापक किइचिरो तोयोदा यांना पद सोडावं लागलं. साठा करून ठेवायला भांडवल नव्हतं, जागा नव्हती. कारखान्यातले ताइइची ओनो यांनी अमेरिकेतल्या सुपरमार्केटची पद्धत उचलली: फळीवरचा माल जितका उचलला जाईल तितकाच मागून भरायचा. काय हवंय ते सांगणारी चिठ्ठी पुढच्या टप्प्याकडून मागच्या टप्प्याकडे जाऊ लागली. दोष दिसला की साध्या कामगारानेही दोरी ओढून काम थांबवायचं, असा दंडक पडला. रोजच्या कामात रोज थोडी सुधारणा करण्याची कायझेनची सवय याच वातावरणात मुरली. ‘लीन’ हे नाव मात्र जपान्यांनी दिलेलं नाही. 1988 मध्ये जॉन क्रॅफसिक या अमेरिकी संशोधकाच्या लेखातून ते रूढ झालं.

या सगळ्यात दोन गोष्टी मला मोलाच्या वाटतात. एक, अधिकाऱ्याने जिथे काम चालतं तिथे जाऊन उभं राहायचं आणि बघायचं. दुसरी, काम करणाऱ्याला ते थांबवण्याचा हक्क. तक्ते, रंगीत पट्ट्या, फळ्यांवरची लेबलं ही सगळी त्यानंतरची.

रुग्णालयांत कामाचं निरीक्षण त्याआधीही झालं होतं. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकी अभियंता फ्रँक गिलब्रेथ यांनी शस्त्रक्रियागृहातल्या हालचालींचा अभ्यास केला. सर्जनने हात पुढे करायचा आणि मदतनीसाने मागितलेलं हत्यार हातात ठेवायचं, या आजच्या रीतीचा संबंध त्या अभ्यासाशी जोडला जातो. पण मोठा धक्का बसला तो 1999 मध्ये. अमेरिकेतल्या रुग्णालयांत दरवर्षी 44,000 ते 98,000 माणसं टाळता येण्याजोग्या चुकांमुळे दगावतात, असा अंदाज तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने मांडला. सिअ‍ॅटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाचे प्रमुख डॉ. गॅरी कॅप्लन 2002 मध्ये आपल्या वरिष्ठ सहकाऱ्यांना घेऊन जपानला गेले, कारखान्यांत उभे राहिले. परत आल्यावर त्यांनी सुधारणेपायी कुणाची नोकरी जाणार नाही असं आश्वासन दिलं, आणि रुग्णाला धोका दिसला तर कुणीही काम थांबवू शकेल अशी व्यवस्था उभी केली. ही दोन पावलं एकत्र पडली म्हणूनच लोक बोलू लागले. ज्याला घरी बसवलं जाण्याची भीती आहे, तो आपल्या खात्यातली नासाडी कशाला दाखवील?

आपल्याला अधिक जवळचं उदाहरण कोलंबोचं आहे. तिथल्या कॅसल स्ट्रीट स्त्री-रुग्णालयात डॉ. विमल करंदगोडा यांनी 2000 पासून वर्गवारी, मांडणी, स्वच्छता, प्रमाणीकरण आणि शिस्त या पाच पायऱ्यांनी काम सुरू केलं. ते सरकारी रुग्णालय होतं आणि पैशांची चणचण रोजचीच होती. पुढे जपानच्या मदत संस्थेने तोच नमुना आफ्रिकेतल्या अनेक देशांत नेला. भारतात 2013 मध्ये एनक्यूएएस आलं, 2015 मध्ये स्वच्छतेसाठी कायाकल्प योजना, 2017 मध्ये प्रसूतिगृहांसाठी ‘लक्ष्य’ ही योजना.

जागेवर उभं राहून बघण्याचं कोकणातलं उदाहरण मात्र या सगळ्याच्या आधीचं आहे. 1976 मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली धडधाकट माणसं, पोरं, डोळ्यांदेखत जात होती. बावस्कर रुग्णाच्या खाटेशी बसून राहिले, घाम, नाडी, रक्तदाब, श्वास तासातासाला टिपत गेले. विष हृदयावर ताण आणतं आणि फुप्फुसात पाणी भरतं हे त्यांनी नोंदींवरून मांडलं, आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरून मृत्यू खूपच कमी करून दाखवले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी लीनचं नाव घेतलं नव्हतं, पण ओनो आपल्या माणसांकडून जे मागत होते ते नेमकं हेच होतं.

आता कोकणातल्या रुग्णाच्या बाजूने बघू. आतल्या वाडीवरची बाई पहिल्या एसटीने तालुक्याला येते. केसपेपरची रांग, मग ओपीडीची, मग रक्त तपासायला लॅबची. अनेक ठिकाणी सगळ्यांचे नमुने जमेपर्यंत थांबून ते एकदम मशीनवर लावले जातात, कारण लॅबला ते सोयीचं पडतं. रिपोर्ट दुपारी तयार होतो तोवर डॉक्टर ओपीडीतून उठलेले असतात. “उद्या या,” खिडकीतून उत्तर येतं. वाडीची शेवटची गाडी चुकली तर रिक्षाचं भाडं परवडत नाही. त्या बाईचा दुसरा दिवस, दुसरं तिकीट, बुडालेली मजुरी रुग्णालयाच्या कुठल्याच रजिस्टरमध्ये नोंदवली जात नाही. लीनच्या हिशेबात हीच सर्वांत मोठी नासाडी. नमुने थोडे थोडे करून लगेच लावले, लांबून आलेल्यांचे आधी घेतले आणि डॉक्टरांनी रिपोर्ट बघायची वेळ ठरवून दिली, तर यातलं बरंचसं टळतं. त्यासाठी नवी इमारत लागत नाही.

सर्पदंशाचंही तसंच. फुरसं किंवा घोणस चावल्याचा संशय असेल तर रुग्णाचं थोडं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी तिरपी करून बघायची. रक्त पातळच राहिलं असेल तर विषाने गोठण्याची क्रिया बिघडवली आहे असं समजून प्रतिविष सुरू करतात. नळी प्लास्टिकची असेल, किंवा साबणाच्या पावडरीने धुतलेली असेल, तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि निष्कर्ष चुकतो. म्हणजे रात्री दोन वाजता एका माणसाचा उपचार एका काचेच्या नळीवर ठरतो. ती इमर्जन्सी ट्रेमध्ये ठरलेल्या खाचेत आहे, की स्टोअरच्या कुलपात आणि किल्ली घरी गेलेल्या फार्मासिस्टकडे? ट्रेच्या तळाशी प्रत्येक वस्तूची आकृती रंगवली की रिकामी जागा ड्युटी बदलताना सिस्टरला दिसते, मावशींनाही दिसते. शेजारी प्रतिविषाच्या कुप्या आणि त्यांतली पूड विरघळवायचं पाणी. ही मांडणी त्याच पाच पायऱ्यांतली दुसरी.

वरून लादलेलं लीन फसतं, याचाही पुरावा आहे. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताने सगळ्या आरोग्यव्यवस्थेत ते एकदम आणण्यासाठी एका अमेरिकी सल्लागार कंपनीशी जवळपास 4 कोटी कॅनेडियन डॉलरचा करार केला. परिचारिकांमधून तक्रारी वाढल्या, टीका झाली आणि 2015 मध्ये करार मुदतीआधीच गुंडाळावा लागला. आपल्याकडे पदं रिकामी असताना ‘आहे त्या माणसांत भागवा’ म्हणण्यासाठी या पद्धतीचं नाव घेणं तर साफ चुकीचं आहे. रिकामी पदं भरलीच पाहिजेत.

साठ्याच्या बाबतीतही कारखान्याचं गणित इथे जसंच्या तसं चालणार नाही. पावसाळ्यात घाट दरड कोसळून बंद होतात, आणि 22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा गावाचा संपर्कच तुटला होता. प्रतिविष, सलाइन, ऑक्सिजन, जनरेटरचं डिझेल, लेप्टो या पावसाळी तापासाठी डॉक्सीसायक्लिन हे मे महिन्यातच भरून, पाणी चढणार नाही अशा मजल्यावर ठेवायला हवं. टोयोटानेही 2011 च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर आपल्या पुरवठादारांना गाड्यांतल्या इलेक्ट्रॉनिक चिप्सचा काही महिन्यांचा साठा ठेवायला सांगितलं होतं.